मोठी खोकी करते

पावणेपाचला ती उठायची. गजर लावायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. उठल्यावर पाणी भरायचं, दोन डबे करायचे, सासूबाईंचा चहा झाकून ठेवायचा आणि सव्वासहाला दार ओढून घ्यायचं. छापखाना पायी पस्तीस मिनिटांवर होता. बस होती, पण बसची वाट बघत उभं राहणं तिला चालण्यापेक्षा जड जायचं. हात रिकामे असले की तिला चोरी केल्यासारखं वाटे.

घरात तिला मोठी म्हणत, कारण ती थोरली सून. काम खोक्यांचं. गोळ्यांची, साबणाची, बल्बची, दातांच्या पेस्टची खोकी. खोकं आधी सपाट कागदावर आखायचं. कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, कुठे डिंक लावायचा, आणि दुमडल्यावर कुठलं अक्षर कुठल्या बाजूला येईल, हे सगळं. एकोणिसाव्या वर्षी ती ब्लेड आणि डिंक घेऊन या कामाला बसली. नंतर कॉम्प्युटर आला, तोही शिकली. सव्वीस वर्षं झाली.

दुसऱ्याच वर्षी तिच्या हातून एक चूक झाली होती. खोक्याच्या मागच्या बाजूचा मजकूर उलटा आला. चार हजार खोकी रद्दी झाली. मिस्त्री तिला ओरडला नाही. त्याने त्यातली शंभर खोकी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "दुमड. हाताने. सगळी." तिने शंभर दुमडली. संध्याकाळी बोटं सोलली होती. तेव्हापासून कोऱ्या कागदाची डमी दुमडून, चारी बाजूंनी फिरवून बघितल्याशिवाय तिने रंगाला हात लावला नाही. छापखान्यातली नवी मुलं हसायची. "बाई, पडद्यावर दिसतं की सगळं." ती म्हणायची, "पडद्याला पाठ असते का?"

काम चोख होतं. फक्त त्या कामाचं आयुष्य कमी होतं. माणूस दुकानातून खोकं आणतो, फाडतो, आतली वस्तू काढतो, खोकं टाकतो. सकाळी कामावर जाताना कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपात तिचं एखादं खोकं सगळ्यात वर पडलेलं असे. तीन आठवडे खपून केलेली निळ्या रंगाची छटा, आणि वर कुणीतरी चहाचा चोथा ओतलेला. याचं तिला पंधरा वर्षं काही वाटलं नव्हतं. धाकटी येईपर्यंत.

धाकटी म्हणजे दिराची बायको. तीही याच आखणी-डिझाइनच्या विद्येतली, म्हणून तर सासूबाईंनी हौसेने आणली. "दोघी एकाच कामातल्या, पटेल." धाकटीने आल्यावर दोन वर्षांचा एक कोर्स केला. त्या दोन वर्षांत तिच्या वाटणीची भांडी कुणी घासली, हे सांगायची गरज नाही. कोर्स होता इमारतींच्या आतल्या डिझाइनचा. मोठ्या इमारतीत शिरलेला माणूस कुणाला न विचारता हव्या त्या दाराशी पोचला पाहिजे. त्यासाठी पाट्या, बाण, आकडे, भिंतींचे रंग, फरशीवरचे पट्टे, सगळं आखायचं. काम संपलं की ते भिंतीला बोल्टने आवळतात. वीस वर्षं हलत नाही.

वीस वर्षं. मोठीच्या पोटात तिथे दुखायचं.

धाकटीने एका वाचनालयाचं काम केलं, त्याचा फोटो पेपरात आला. सासूबाईंनी ते कात्रण शेजारपाजारी फिरवून आणलं. जिन्यात कुणी विचारलं, "दोन्ही सुना एकच काम करतात ना हो?" सासूबाई म्हणाल्या, "एकच कसं? मोठी खोकी करते, धाकटी इमारती करते."

मोठी तेव्हा पिशवी घेऊन एक पायरी खाली उभी होती. सासूबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या माणसाला नुसती माहिती देत होत्या. म्हणूनच ते जास्त लागलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती वाचनालयात गेली. पुस्तक हवं म्हणून नाही. पाट्यांच्या कडांवरून नख फिरवलं. कड कुठे लागते का बघितलं. अक्षरांमधली अंतरं डोळ्यांनी मोजली. एक तरी स्क्रू तिरका सापडावा म्हणून तीन मजले चढली. सापडला नाही. उतरताना तिला कुणालाही न विचारता बरोबर दार सापडलं, आणि याचाही राग आला.

घरी नवऱ्याने विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"पाय मोकळे करायला."

नवरा गाड्यांच्या कारखान्यात फिटर होता. आवाजावरून बिघाड ओळखायचा. म्हणाला, "पाय मोकळे झाले, पण तोंड आवळलेलं दिसतंय. पोट दुखतंय का?"

"माझं पोट चांगलं आहे."

"मग ओवा कुणाला देऊ, आईला?"

ती हसली नाही. हेवा वाटतो हे तिला स्वतःलाही कबूल होतं. घरात सगळ्यांनाच कळत होतं, एकट्या धाकटीला सोडून. धाकटी येता जाता "ताई, हे बघा ना, ताई, ते कसं वाटतं" करायची. ज्याचा हेवा करावा त्याने निदान थोडं वाईट तरी असावं. धाकटी ते सुखही देत नव्हती.

मग इस्पितळाचं काम आलं. चार मजले, दोन विंगा. धाकटीच्या साहेबाने सांगितलं होतं, हे नीट झालं तर पुढची इमारत पूर्ण तुझ्या नावावर, माणसं तुझ्या हाताखाली. बिघडलं तर परत दुसऱ्याच्या ड्रॉइंगला रंग भरत बसायचं. धाकटी वर्षभर त्यात बुडाली होती.

त्यांच्या कामाची एक रीत आहे. धातूच्या पाट्या करण्याआधी कागदाच्या करतात, खऱ्या मापाच्या. जागेवर चिकटवतात आणि तीन दिवस उभं राहून बघतात. माणूस कुठे थांबला, कुठे गोंधळला, कुठे दुसऱ्याला विचारलं, प्रत्येकाची खूण करायची. ही रीत मोठीला बघता क्षणी आवडली होती, कारण ती म्हणजे डमीच. अर्थात तसं ती कुणाजवळ बोलली नाही.

कागद चिकटवताना धाकटी स्टुलावरून पडली. घोटा मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. ऑफिसात दुसरं माणूस मोकळं नव्हतं. संध्याकाळी ती उशीवर पाय ठेवून म्हणाली, "ताई, तीन दिवस तुम्ही उभ्या राहाल का? दुसऱ्या कुणाच्या खुणांवर माझा विश्वास नाही."

"रजा काढावी लागेल."

"काढाल?"

सव्वीस वर्षांत मोठीची रजा साठून कुजायला आली होती. तिने काढली. मदत करायची म्हणून की आतून बघायला मिळेल म्हणून, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

सकाळी सातपासून चारपर्यंत ती उभी राहिली. खुर्ची देऊ केली तर नको म्हणाली. बसलं की नजर खाली येते. तीन दिवसांत चारशे बारा माणसांच्या खुणा केल्या. कोण पाटीकडे न बघता थेट वॉचमनकडे गेलं, कोण बाणाखाली उभं राहून दुसऱ्या बाणाकडे बघत राहिलं, सगळं. धाकटीच्या पाट्या चांगल्या होत्या. माणसं वाचत, वळत, पोचत. प्रत्येक पोचलेल्या माणसामागे मोठीला आत काहीतरी टोचे.

पहिल्या दिवशी दुपारी तिने धाकटीची फाइल उघडली. पाट्या करणाऱ्या कारखान्याला जायची ड्रॉइंग त्यात होती. छताला लटकणाऱ्या पाट्या अकरा, बोळाच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी वाचायच्या. कागदाच्या चाचणीत त्यांची एकच बाजू चिकटवली होती, मागची कोरी. ड्रॉइंगमध्ये पुढच्या बाजूवर लिहिलं होतं एक्स-रे, रक्ततपासणी, आणि बाण उजवीकडे. खाली धाकटीच्या अक्षरात एक ओळ होती. 'मागची बाजू : पुढच्यासारखीच.'

मोठी त्या ओळीकडे बघत राहिली. मग वहीचं एक पान फाडलं, मध्ये दुमडलं, दोन्ही बाजूंना उजवा बाण काढला आणि हात वर करून धरलं. अलीकडून बघितलं, बाण एक्स-रेच्या खोलीकडे. पलीकडे जाऊन बघितलं, बाण जिन्याकडे, एक्स-रेच्या अगदी उलट. उघड होतं. पलीकडून येणाऱ्याचा उजवा हात म्हणजे अलीकडून येणाऱ्याचा डावा. मागचा बाण डावीकडे हवा. धाकटीला म्हणायचं होतं, मजकूर तोच. कारखाना वाचणार होता, सगळं तेच.

ही चूक पडद्यावर काम करणाराच करतो. शंभर खोकी हाताने दुमडणारा करत नाही.

तिने तो कागद चुरगाळून पिशवीत टाकला. तिला इतकं हलकं वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं.

खुणांचा तक्ता तिने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीला दिला. एकही रकाना रिकामा नव्हता. धाकटी पानं उलटत राहिली. "ताई, आमच्या ऑफिसात असं काम कुणी करत नाही. हे बघा, 'म्हाताऱ्यांची नजर पाटीखाली जाते'. हे मला सुचलंच नसतं."

"उभं राहिलं की दिसतं."

"ताई, उद्या ड्रॉइंग कारखान्यात जातायत. औषधाने माझं डोकं जड झालंय. तुम्ही एकदा नजर टाकता का?"

तिने फाइल पुढे केली. मोठीचा हात फाइलवर आला. तिच्या डोळ्यांसमोर तीच ओळ होती. बोटाने दाखवायची आणि म्हणायचं, इथे बाण उलटा कर. बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ लागला असता.

"तुझ्या कामातलं मला काय कळणार," ती म्हणाली. "मी खोकी करते."

तिने फाइल परत केली आणि भांडी घासायला गेली.

पाट्या व्हायला अठरा दिवस लागले. या अठरा दिवसांत मोठी रोज पावणेपाचला उठली, डबे केले, धाकटीला बाथरूमपर्यंत आधार दिला, तिची वेणी घातली. मनात रोज एकच खेळ चाले. साहेब बोळात उभा आहे, माणसं उलटी चालली आहेत, साहेब धाकटीकडे बघतो आहे. सासूबाईंनाही त्या खेळात एक जागा होती. त्यांच्या हातात कात्रण होतं. कधी वाटे, सांगावं. ड्रॉइंग गेलं असलं तरी पत्रा अजून कापला नसेल. आठव्या दिवशीही वाटलं. दहाव्या दिवशी वाटायचं थांबलं.

पाट्या लागल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठीने छापखान्यातून अर्धी रजा घेतली. तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

बोळात शिरल्यावर आधी पाट्याच दिसल्या. अक्षरं सुरेख होती. पत्र्याची कड अशी घासलेली की प्रकाश त्यावर थांबत नव्हता. मोठीला वाटलं होतं तेवढा आनंद होईना. चूक असलेल्या पाट्यासुद्धा तिच्या कुठल्याही खोक्यापेक्षा देखण्या होत्या.

मग पलीकडून, वॉर्डाच्या बाजूने, एक म्हातारा आला. चाकांच्या खुर्चीत त्याची बायको, तिच्या मांडीवर कागदांची पिशवी. खुर्चीचं एक चाक ओढत होतं, त्यामुळे तो कंबर तिरकी करून ढकलत होता. त्याने पाटी वाचली आणि उजवीकडे वळला. शेवटी जिना. तो परत आला. पुन्हा वर बघितलं, पुन्हा उजवीकडेच गेला, कारण छापलेलं आहे तर आपलंच चुकलं असेल, असं अशा माणसांना वाटतं.

बायको म्हणाली, "अहो, कुणाला तरी विचारा."

"लिहिलंय ना वर! मला वाचता येतं."

"येतं हो. पण पोचता येत नाही."

तिसऱ्या खेपेला तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. शर्ट पाठीला चिकटला होता. बायको खुर्चीतून त्याला पदराने वारा घालायला लागली.

मोठीने पावलं मोजली होती. सवयच ती. एका खेपेला सत्तर. तीन खेपांना दोनशे दहा, खुर्ची ढकलत. साहेब कुठेच नव्हता. धाकटी घरी पाय वर करून झोपली होती. शिक्षा भोगत होता तो हा म्हातारा. फुकट गेलेल्या कष्टांची चीड मोठीला जन्मभर होती. मिनिटभर वाट बघावी लागू नये म्हणून जी बाई रोज पस्तीस मिनिटं चालली, तिने एका म्हाताऱ्याला दोनशे दहा पावलं फुकट चालवलं होतं.

ती पुढे झाली, खुर्ची धरली आणि एक्स-रेच्या दारापर्यंत ढकलत नेली. म्हातारा मागून म्हणाला, "ताई, तुम्ही इथल्याच का?"

"नाही. मी खोकी करते."

मग खालच्या दुकानातून कोरे कागद, चिकटपट्टी आणि जाड पेन आणलं. नर्सच्या टेबलाजवळचं स्टूल उचललं आणि पहिल्या पाटीखाली ठेवून चढली.

वॉचमन धावत आला. "बाई, खाली उतरा! काल बसवल्यात पाट्या."

"काल उलट्या बसवल्यात."

"परवानगी आहे का?"

"तुला दिवसभरात किती जण विचारतात, एक्स-रे कुठे?"

वॉचमनने डोकं खाजवलं. "काल दुपारपासून घसा बसलाय."

"मग स्टूल धर."

त्याने धरलं. अकरा पाट्यांच्या मागच्या बाजूंवर तिने अकरा कागद चिकटवले, बाण डावीकडे. शेवटच्या पाटीखाली उतरून तिने स्टूल परत नर्सच्या टेबलाजवळ ठेवलं. वॉर्डातून येणारी एक मुलगी वर बघून, न थांबता डावीकडे वळली. मोठीने तिला पोचेपर्यंत बघितलं.

घरी धाकटी फोन खाली ठेवत होती. चेहरा पांढरा. इस्पितळातून कुणीतरी साहेबाला कळवलं होतं की तुमच्या नव्या पाट्यांवर एक बाई कागद चिकटवते आहे. साहेबाने धाकटीला विचारलं होतं, हे काय चाललंय.

"ताई, मागचे बाण उलटे आहेत म्हणे."

"आहेत. कागद मीच लावले."

"तुम्हाला आज दिसलं?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. मोठी खोटं बोलू शकली असती, आणि सगळ्यांनी ते मानलंही असतं.

"चाचणीच्या पहिल्या दिवशी दिसलं."

धाकटी प्लास्टरवर बोट फिरवत राहिली. "मी फाइल तुमच्या हातात दिली होती."

"हो."

"मग?"

"मला तुझं चुकलेलं बघायचं होतं."

"का? मी काय केलं तुमचं?"

"काही नाही. तुझं काम भिंतीवर राहतं. माझं पिंपात जातं. बस, एवढंच."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा गोष्टीवरून..."

"आई, तुम्ही मध्ये बोलू नका," धाकटी म्हणाली. घरात त्या आवाजात ती पहिल्यांदाच बोलली. मग मोठीकडे बघून, "बघितलंत मग? मन भरलं?"

"नाही."

"माझं पुढचं काम गेलं तर भरेल का?"

मोठीने पिशवीतून उरलेली चिकटपट्टी काढून टेबलावर ठेवली.

धाकटीने तिच्यासमोरच साहेबाला फोन लावला. "चूक माझी आहे. ड्रॉइंगवर मीच लिहिलं होतं. आठ दिवसांत बदलून देते." मोठीचं नाव तिने घेतलं नाही. मोठी ऐकत उभी राहिली, आणि त्याही क्षणी तिला हेवा वाटला. आपल्याला असं एका दमात म्हणता आलं असतं का, असं.

दुसऱ्या दिवशी मोठी छापखान्यात गेली नाही. न कळवता कामाला दांडी मारण्याची ही पहिलीच वेळ. ती पाट्यांच्या कारखान्यात गेली. कारखान्याचा मालक कानामागे पेन्सिल खोचून पत्रा कापत होता. ड्रॉइंग काढून त्याने ओळ दाखवली. "बाई, वाचा. पुढच्यासारखीच. मी पुढच्यासारखीच केली."

"तुझं बरोबर आहे."

"मग फुकट नाही होणार."

"फुकट मागायला आले नाही. अकरा मागच्या बाजू नव्याने कर. कड आधीसारखीच घासायची. आणि कापण्याआधी हे बघ." तिने पिशवीतून दुमडलेला कागद काढला. पुढे बाण उजवीकडे, मागे डावीकडे. त्याने तो उचलून उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"हे असं कुणी आधी दिलं असतं तर?"

"तर मी इथे नसते."

"बिल ऑफिसच्या नावाने?"

"नाही. रोख."

पाट्या सातव्या दिवशी बदलल्या. धाकटीच्या ऑफिसला एवढंच कळलं की कारखान्याने जादा बिल लावलं नाही. पुढची इमारत धाकटीला मिळाली, पण सहा महिने उशिरा, आणि तिच्यावर नजर ठेवायला एक माणूस देऊन. हे ऐकलं तेव्हा मोठीला मनात क्षणभर गोड वाटलं. तिने ते ओळखलं, आणि त्या दिवशी दोन्ही वेळची भांडी एकटीने घासली.

धाकटी महिनाभर कामापुरतं बोलत होती. प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी तिने नव्या इमारतीचं एक ड्रॉइंग मोठीच्या डब्याशेजारी ठेवलं. नजर टाका, असं म्हणाली नाही. मोठीनेही काही विचारलं नाही. उभ्याउभ्या एक कोरा कागद घेतला, दुमडला, चारी बाजूंनी फिरवला, एका ठिकाणी पेन्सिलने फुली मारली आणि सव्वासहाला दार ओढून घेतलं. फुली मारताना हात जरा जास्तच जोरात पडला होता. कागद फाटला नाही, एवढंच.

सहा वर्षं पगारातून थोडं थोडं बाजूला टाकून तिने स्वतःचा मोठा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं होतं. दुकानात जाऊन दोनदा हात लावून आली होती. नवऱ्याने एकदा विचारलं, "अगं, त्या कॉम्प्युटरचं काय झालं?"

"घेतलं दुसरं काहीतरी."

"काय घेतलंस?"

"पत्रा," ती म्हणाली.

सहा वर्षांच्या खोक्यांतून साठलेले पैसे गेले ते तिथे. ॲल्युमिनियमच्या अकरा पाट्यांच्या मागच्या बाजू, कडा घासलेल्या, पांढरी अक्षरं, बाण डावीकडे.